जपमाळेची तार: निवडायची कशी, ताठ करायची कशी, काळवायची कशी

मी पहिल्यांदा रोझरी केल्या त्या पंचवीस, ऑक्टोबर महिन्यासाठी. कॅथलिक लोकांत ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, ७ तारखेला जपमाळेच्या मातेचा सण. तालुक्याच्या चर्चमधून मागणी आली आणि मी हुरळून तांब्याची मऊसूत तार आणली. हाताला लोण्यासारखी वळत होती. दिवाळीच्या आत त्यातल्या नऊ माळा परत आल्या. मणी शाबूत, क्रूस शाबूत, पण कड्या उघडून लांबुळक्या झालेल्या. एक आजीबाई तर सुटलेले मणी रुमालात बांधून घेऊन आल्या. म्हणाल्या, "पोरी, प्रार्थना त्रेपन्न अन् मणी सत्तेचाळीस. मंग कसं करू?"

माझे सासरे, मामाजी, जन्मभर शेतीपंपांच्या मोटारी बांधायचं काम करत. त्यांनी ती माळ हातात घेतली, एक कडी नखानं उघडली, परत मिटवली आणि एवढंच म्हणाले, "तार डोयानं नाही, बोटानं पाहा लागते बाई." तार मऊ होती, हा माझा पहिला धडा. दुसरा धडा असा की मऊ तार ताठ करता येते, तेही घरी, फुकटात. तिसरा धडा बराच उशिरा कळला: ताठ केलेल्या तारेला काळा अँटिक रंग देताना चुकीची पद्धत वापरली, तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

खाली लिहिलंय ते रोझरीपुरतं नाही. तारेच्या कडीत गुंफलेली रुद्राक्षाची किंवा तुळशीची माळ असो, काम तेच आहे. रोझरीला ५९ मणी लागतात: मारियेच्या प्रार्थनेचे ५३ आणि 'आमच्या स्वर्गातील बापा'चे ६. शिवाय मधलं पदक आणि क्रूस. आपल्या १०८ च्या माळेला मेरुमणी धरून १०९.

आधी धातू

तांबं स्वस्त नाही, पण कुठेही मिळतं, काळवायला सगळ्यात सोपं आणि शिकायला सगळ्यात क्षमाशील. ते येतं मात्र बहुतेक वेळा पूर्ण मऊ. म्हणजे ताठ करायचं काम तुमच्याकडे.

पितळ हे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. बाजारात मिळणारी पितळी तार बऱ्याचदा आधीच थोडी ताठ असते, कडी चांगली धरते, रंग सोन्यासारखा. पण काळवायला हट्टी, आणि तिची एक वाईट खोड आहे, ती पुढे सांगते. भंडाऱ्याला पितळी भांड्यांचा मोठा व्यवसाय आहे, त्यामुळे पूर्व विदर्भातल्या लोकांना पितळेची माहिती असणारा कारागीर शोधायला फार लांब जावं लागत नाही. आम्हा अमरावतीकडच्यांना नागपूरची इतवारी गाठावी लागते.

फॉस्फर ब्रॉन्झ म्हणजे तांब्यात थोडं कथील आणि चिमूटभर फॉस्फरस. स्प्रिंगसारखी तार. रंग लालसर, काळवल्यावर जुन्या घंटेसारखा दिसतो. मला विचाराल तर रोज हातात फिरणाऱ्या माळेला याच्याइतकी चांगली तार नाही. अडचण एकच, गावात मिळत नाही, मागवावी लागते.

चांदी घ्यायची तर ९२.५ टक्क्यांची. शुद्ध चांदी कडीला फार मऊ पडते. त्या साडेसात टक्के तांब्यानंच तिला कणा येतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त. हातात धरायच्या माळेला चालेल, पण गळ्यात घालायच्या माळेला मी वापरत नाही, कारण निकेलनं अनेकांना खाज सुटते आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या घामानं ती वाढते.

स्टेनलेस स्टील मजबूत, पण हातांना दमवतं आणि गंधकाच्या द्रावणात काळं पडतच नाही. ॲल्युमिनियम फार मऊ. आणि बांधकामावरची बाइंडिंग तार? एका मावशींनी तिची माळ करून पांढऱ्या लुगड्यावर घातली होती. श्रावणात गंजाचे डाग पडले ते काही निघाले नाहीत.

आता मोटारीची तार. आमच्या घरात तिची भेंडोळी पडलेली असत, म्हणून मला वाटलं, फुकटचं घबाड आहे. पण त्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. तो असेपर्यंत तिच्यावर काहीही रंग चढत नाही. जाळून काढला तर विषारी धूर आणि तार पुन्हा मऊ. पॉलिश पेपरनं घासून काढायचा तर जीव जातो. फुकट असली तरी महाग. त्यापेक्षा जुन्या वायरिंगमधली, तीन सुतांची '३/२२' म्हणतात ती तांब्याची वायर कुठे सापडली तर सोन्याहून पिवळं. प्लॅस्टिक चाकूनं सोलून काढा, आत २२ गेजच्या तीन स्वच्छ तारा मिळतात.

घेण्याआधी फसवणूक तपासा. मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक खिशात ठेवा; 'तांब्याची' तार चिकटली तर आत लोखंड आहे. चिकटली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. टोक तिरपं कापून कानशीनं घासा. आत पांढरं दिसलं की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असं भेंडोळं हातात धरल्यावरच हलकं लागतं, कारण ॲल्युमिनियमचं वजन त्याच आकाराच्या तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असतं.

जाडी

आपल्याकडे दुकानदार जो गेज बोलतो तो ब्रिटिश मापाचा असतो. २० गेज म्हणजे ०.९१ मिमी, २१ म्हणजे ०.८१, २२ म्हणजे ०.७१, २४ म्हणजे ०.५६. परदेशी व्हिडिओत दाखवतात तो अमेरिकन गेज वेगळा: तिथला २० म्हणजे आपला जवळपास २१. बघून ऑर्डर देणारे इथेच फसतात. म्हणून दुकानात मिलिमीटरमध्ये बोला.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. कडी उघडायला लागणारा जोर जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. २२ वरून २० वर गेलात तर जाडी वाढली पावच, पण कडी दुप्पट दम धरते. म्हणून माझं ठरलेलं: तांबं असेल तर २० किंवा २१, पितळ किंवा फॉस्फर ब्रॉन्झ असेल तर २२ पुरे. त्याहून बारीक तार घ्यायची तर कडी गुंडाळलेली (टोकाचे वेढे देऊन बंद केलेली) हवी, साधी (नुसती वळवून मिटवलेली) नको.

मण्याचं भोक आधी बघा. काचेच्या पुष्कळ मण्यांत ०.९१ ची तार जातच नाही. रुद्राक्षाचं किंवा लाकडी मण्याचं भोक १ मिमीच्या ड्रिलनं मोकळं करता येतं, हळू, हातानं फिरवून. काचेच्या वाटेला जाऊ नका.

किती तार लागेल? ८ मिमीच्या मण्याला दोन्हीकडे साधी कडी केली तर ३ सेमी. गुंडाळलेली कडी केली तर धरायला लागणारं टोक धरून ८ सेमी. ५९ मण्यांचे झाले ४ मीटर ७२ सेमी. नासधूस धरून सव्वापाच मीटर घ्या. २१ गेजची एक किलो तांब्याची तार सुमारे २१५ मीटर भरते, म्हणजे गुंडाळलेल्या कडीच्या चाळीसेक रोझरी. नवशिक्यानं किलो घेऊ नये. शंभर ग्रॅम घ्या, चुका करा, मग बघा.

तार ताठ करणं

लहानपणी प्रत्येकानं तार इकडून तिकडे वाकवून तोडलेली असते. आठवून बघा. पहिल्यांदा सहज वाकते, मग वाकवायला जोर लागतो, मग एकदम कट्ट. त्यात दोन टप्पे आहेत. धातूच्या आतले कण एकमेकांवर सरकतात म्हणून तार वाकते. सरकता सरकता ते एकमेकांत अडकतात, म्हणून ताठ होते. आणि अडकायला जागाच उरली नाही की चीर जाते. आपल्याला मधल्या टप्प्यावर थांबायचं आहे. सगळी कला थांबण्यात आहे.

पहिली पद्धत, ओढणं. दोन मीटर तार घ्या. एक टोक व्हाइसमध्ये आवळा. व्हाइस नसेल तर बैल बांधायच्या खुंट्याला तीन-चार वेढे देऊन बांधा. दुसरं टोक पकडीत धरून मागे झुका. झटका द्यायचा नाही, अंगाचं वजन टाकायचं. तार आधी सरळ होते, मग हाताला कळतं की ती 'देतेय', म्हणजे लांबतेय. दोन मीटरला चार बोटं लांबली की थांबा. तार तुटली तर सापासारखी परत येते. डोळ्यावर चष्मा हवा, आणि पोरंबाळं जवळ नकोत. एवढ्यानं भेंडोळ्याचे बाक निघून जातात आणि थोडा ताठपणा येतो. पण तांब्याला तेवढा पुरत नाही.

दुसरी पद्धत, पीळ देणं. ही माझी आवडती, कारण वीज असो नसो, चालते. ओढून सरळ केलेल्या तारेचा एक हात लांबीचा, म्हणजे ४५ सेमीचा, तुकडा घ्या. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं हातानं फिरवायच्या ड्रिलच्या तोंडात. तार हलकी ताणून धरा आणि एकाच दिशेनं फिरवा. २० किंवा २१ गेजच्या तांब्याला चाळीस ते पन्नास फेरे. गोल तारेवर पीळ डोळ्याला दिसत नाही, म्हणून फेरे तोंडानं मोजायचे. माझी मुलगी मोजता मोजता पाढे म्हणते, ते चालतं. विजेचं ड्रिल वापरू नका. ते एका सेकंदात थांबायची जागा ओलांडून जातं. लांब तुकडा घेतला तर फेरे त्या हिशेबानं वाढवा.

जास्त झालं हे कसं कळतं? तारेचा गुळगुळीतपणा जातो. बोट फिरवलं की बारीक खरखर लागते, संत्र्याच्या सालीसारखी. अशी तार कडी करताना तडकते. टाकू नका, परत मऊ करून घ्या, तेही सांगते.

पितळेला आणि फॉस्फर ब्रॉन्झला पीळ देऊ नका. त्या आधीच ताठ असतात, नुसत्या ओढून सरळ करा.

तिसरी पद्धत सोनाराची. भोकं बारीक बारीक होत गेलेल्या पोलादी पट्टीतून तार ओढून काढायची. सगळ्यात एकसारखा ताठपणा यानंच येतो. ओळखीचा सोनार असेल तर एक नंबर जाड तार घेऊन जा आणि त्याच्याकडून पाहिजे त्या जाडीवर उतरवून आणा. चांदीसाठी मी हेच करते. चांदीची तार घरी पिळून वाया घालवायची हिंमत माझ्यात नाही.

चौथी पद्धत शेवटी वापरायची: कडी झाल्यावर ती ऐरणीवर किंवा सपाट लोखंडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीनं तीन-चार टपल्या. लोखंडी हातोडीनं तार चपटी होते. पुस्तकात चामड्याच्या हातोडीचं सांगतात. मी ती घेतली नाही. तुळशीची माळ घालणाऱ्या माणसाला त्याच्या माळेवर चामडं फिरलं हे कळलं तर त्याला काय वाटेल? निंबाच्या लाकडाची हातोडी सुतारानं मला शंभर रुपयांत करून दिली आणि ती सगळ्यांच्या माळांना चालते.

आता परीक्षा. मामाजींचं 'बोटानं पाहणं' मी मोजता येईल असं करून घेतलं. तारेचा तुकडा तर्जनीभोवती काटकोनात वाकवा आणि सोडा. पूर्ण मऊ तार वाकवली तिथेच राहते. बरोबर ताठ झालेलं तांबं घड्याळाच्या मिनिटकाट्याच्या एका घराएवढं मागे येतं. चांगली पितळी किंवा फॉस्फर ब्रॉन्झची तार दोन घरं किंवा थोडी जास्त. कागदावर घड्याळाचं तोंड काढून ठेवा. चार दिवसांत कागद लागणार नाही.

बिघडलेली तार मऊ करायची तर सैल वेटोळं करून गॅसच्या ज्योतीवर चिमट्यानं फिरवा, खोलीतला दिवा बंद करून. अंधारात मंद लाल दिसली की पुरे. उजेडात लाल दिसेपर्यंत थांबलात तर ती गरजेपेक्षा फार जास्त तापलेली असते. तांबं लगेच पाण्यात विझवलं तरी चालतं. पितळ आधी लाली जाईपर्यंत हवेत ठेवा. वर आलेला काळा थर चिंच-मिठाच्या कोमट पाण्यात निघतो. चांदी त्याच पाण्यात टाकायची असेल तर लोखंडी चिमटा घालू नका, नाहीतर पाण्यात उतरलेलं तांबं चांदीवर चढून ती गुलाबी होते. बांबूच्या दोन काड्या वापरा.

कडी

कडीबद्दल थोडक्यात, कारण हे हातानंच येतं. गोल पकडीच्या चोचीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि प्रत्येक कडी त्याच ठिपक्यावर वळवा. म्हणजे १०९ मण्यांच्या सगळ्या कड्या एका मापाच्या होतात. पकडीला चिकटपट्टी गुंडाळा, तारेवर दात उमटत नाहीत. साधी कडी उघडताना टोक बाजूला सरकवायचं, दरवाजासारखं. फाकवायचं नाही. गुंडाळलेल्या कडीला मण्याच्या वर दोन मिमी मान सोडून अडीच-तीन वेढे. गुंडाळताना तार आपोआप ताठ होते, म्हणून गुंडाळलेल्या कडीसाठी तार थोडी कमी ताठ ठेवलेली बरी; फार ताठ तार वेढे घट्ट बसू देत नाही. कापलेलं टोक कानशीनं घासून बोथट करा. जुनी साडी त्यावरून फिरवा. धागा अडकला तर ग्राहकाची नवी साडीही अडकेल.

माळ पूर्ण झाली की मी ती खिळ्याला टांगते आणि खालच्या कडीला एक किलो ज्वारीची पिशवी लटकवते. पाच मिनिटं. मऊ तांब्याची साधी कडी यात हमखास उघडते, ताठ केलेली धरून राहते. त्या नऊ माळांनंतर ज्वारीच्या पिशवीशिवाय एकही माळ घराबाहेर गेलेली नाही.

काळवणं

बाजारात याला 'ऑक्सिडाइज्ड' म्हणतात. नाव चुकीचं आहे. ऑक्सिजनचा यात फारसा संबंध नाही; काळा थर असतो तो गंधकाचा. चांदीचे पैंजण कपाटात काळे पडतात तेच आपण दहा मिनिटांत घडवून आणतो. म्हणून खालच्या तिन्ही पद्धतींत गंधक कुठल्या ना कुठल्या रूपात लागतंच.

कुठल्याही पद्धतीआधी तार धुवायची. अर्धं यश इथे आहे. बोटांचं तेल राहिलं तिथे रंग धरत नाही. रिठ्याच्या पाण्यात किंवा भांड्याच्या साबणात घासा, मग साध्या पाण्याखाली धरा. पाणी सगळीकडे एकसारखं पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन तुटत असेल तर पुन्हा धुवा. नंतर उघड्या बोटांनी हात लावायचा नाही.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे लिव्हर ऑफ सल्फर, गंधकाचं एक रसायन. पिवळट-तपकिरी खडे येतात, वास सडक्या अंड्याचा. हरभऱ्याच्या दाण्याएवढा खडा एका पेलाभर गरम पाण्यात विरघळवा. पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम, पण उकळतं नाही. तार बुडवा, दहा सेकंदांत बाहेर काढा, साध्या पाण्यात बुडवा, बघा. परत बुडवा. तांब्यावर आधी सोनेरी, मग गुलाबी, मग जांभळी-निळी झाक येते, मग करडी आणि शेवटी काळा. एकदम काळा करायच्या घाईनं द्रावण दाट केलं तर जाड थर बसतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. पातळ द्रावण, अनेक बुडव्या. हवा तसा रंग आला की खायच्या सोड्याच्या पाण्यात घालून थांबवा. खडे बंद काळ्या बाटलीत ठेवा. हवा आणि उजेड लागला की त्यांचा दम जातो. बनवलेलं द्रावण पांढरट झालं की मेलं समजा.

हे गावात मिळत नसेल तर बागायतदारांना माहीत असलेलं चुना-गंधकाचं द्रावण तेच काम करतं. पन्नास ग्रॅम विरवलेला चुना, शंभर ग्रॅम गंधक पावडर, एक लिटर पाणी. गंधक आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर वर तरंगत राहतं. स्टीलच्या जुन्या पातेल्यात, अंगणात, मंद आचेवर तासभर उकळायचं, आटेल तसं पाणी घालत. रंग गडद नारिंगी-लाल झाला की उतरवा, निवू द्या, वरची निवळी बाटलीत भरा. पेलाभर गरम पाण्याला एक-दोन चमचे पुरतात. हे पातेलं परत स्वयंपाकात आणायचं नाही. द्रावण कातडीला चावतं, हातमोजे घाला.

तिसरी पद्धत अंड्याची. अंडं कडक उकडायचं, गरम असतानाच ठेचायचं, झाकणाच्या डब्यात ठेवायचं आणि तार वर टांगायची, अंड्याला न लावता. वाफेतला गंधक अर्ध्या तासापासून काही तासांत काम करतो. रंग फार सुंदर आणि हळू येतो, शिकायला उत्तम. रोझरीला मी बिनदिक्कत वापरते. तुळशीच्या माळेला कधीच नाही. वारकऱ्याच्या गळ्यात जाणारी तार अंड्याच्या डब्यातून काढायची, आणि त्याला सांगायचंही नाही, हे मला पटत नाही.

तिन्ही पद्धतींना एक नियम सारखा. गंधकाच्या द्रावणाजवळ चिंच, लिंबू, व्हिनेगर, कुठलंही आम्ल आणायचं नाही. त्यातून निघणारा वायू नुसता घाण नाही, विषारी आहे, आणि जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून बसून.

आता पितळेची ती खोड. गंधकानं पितळ नीट काळवत नाही, म्हणून काही जण अमोनियाच्या वाफेत टांगायला सांगतात. रंग येतो, खरं आहे. पण ताठ केलेल्या पितळेला अमोनिया तडे पाडतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा जायच्या. पेट्या घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या असत. कारण पुढे सापडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि काडतूस ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण. आपल्या कडीतही तोच ताण भरलेला असतो, आपणच भरलेला. त्यामुळे पितळी माळ अमोनियात टांगू नका, आणि गोठ्याच्या भिंतीलाही टांगू नका. माझी एक पितळी माळ वर्षभर गोठ्याच्या दारात अडकवलेली होती. पावसाळ्यानंतर हातात घेतली तर तीन कड्या बिस्किटासारख्या मोडल्या. तेव्हा मी दुकानदाराला बोल लावला होता. पितळेला जुना रंग हवाच असेल तर मी ते नुसतं वापरू देते. सहा महिन्यांच्या हाताळणीनं जो तपकिरी रंग येतो तो कुठल्याच बाटलीत नाही.

क्रम कुठला? काचेचे मणी असतील तर माळ पूर्ण करून, ज्वारीची परीक्षा झाल्यावर, सगळी एकदम बुडवता येते. मोती, पोवळं, लाकूड, रुद्राक्ष, तुळस कधीच बुडवायची नाही; मोती मरतो आणि लाकूड वास पिऊन घेतं. तिथे तार आधी ताठ करून, धुऊन, लांबच लांब तुकड्यातच काळवायची आणि मग कड्या वळवायच्या. वळणावर थर थोडा उडतो, लाल तांबं डोकावतं. तिथे कापसाच्या बारीक काडीनं द्रावणाचा एक स्पर्श, लगेच ओल्या फडक्यानं पुसायचं. खरं तर मी तेही सोडून दिलंय. जुन्या माळेची कडी जिथे कडीवर घासते तिथे ती चकचकीतच असते.

नंतर घासणं. सगळा काळा ठेवला तर तार मेल्यासारखी दिसते. सगळ्यात बारीक स्टील वूल, नाहीतर चुलीची वस्त्रगाळ राख ओल्या फडक्यावर घेऊन उंच भाग हलके उजळा. खोबणीत आणि वेढ्यांच्या मध्ये काळा राहू द्या. क्रूस आणि पदक निकेलच्या मुलाम्याचं असेल तर ते काळवणार नाही आणि जुन्या तारेला नवं कोरं लटकलेलं दिसेल. म्हणून क्रूस घेतानाच ब्रॉन्झचा किंवा तांब्याचा बघा.

शेवटी मेण. मेळघाटातून मधाबरोबर पोळ्याचं मेण येतं, मी तेच वापरते. माळ उन्हात कोमट करायची, मेण लावलेलं फडकं फिरवायचं, गार झाल्यावर कोरड्या सुती फडक्यानं पुसायचं. थर दिसता कामा नये. हे मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे तेवढी उष्णता होते. गाडीच्या आरशाला टांगायला रोझरी मागणाऱ्यांना मी मेण न लावताच देते. गळ्यात घालणाऱ्यांनी दोन-तीन महिन्यांनी मेणाचा हात फिरवावा, नाहीतर घामानं तांबं मानेवर हिरवं उमटतं. त्याचा त्रास नाही, आंघोळीत जातं, पण लोक घाबरतात. आणि तांबं उजळायला घरात जी चिंच वापरतात ती या माळेला लावू नका, हे देतानाच सांगा. एका सुनेनं दसऱ्याच्या भांड्यांबरोबर सासूची माळ घासून लख्ख केली होती.

प्रत्येक माळेबरोबर मी कागदाच्या पुडीत त्याच तारेच्या दोन कड्या आणि एक मणी देते. त्या आजीबाईंना नवी रोझरी दिली तेव्हा त्यांनी पुडी उघडून मणी मोजला, पदराच्या गाठीत बांधला आणि मग माळेचे सगळे मणी माझ्यासमोर बसून मोजले.